मेंढराच्या मटणाचा ग्रीक बर्गर

ग्रीक पद्धतीचा मटण बर्गर घरी करायचा तर ऑरेगॅनो कुठलं घ्यावं आणि फेटा चीज कोल्हापुरात कुठे मिळेल, असं वाचक अधूनमधून विचारतात. हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी ठरवायचं ते मटण कशाचं आणायचं. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि त्यातही पालव्याचं मिळालं तर घरात आनंद. हा बर्गर मात्र मेंढराचा आहे, वर्षाच्या आतल्या कोकराचा. खुद्द ग्रीसमध्ये घरोघरी होणारं ‘बिफ्तेकी’ बहुतेक वेळा दुसऱ्याच मांसाचं असतं. कोकराचा ग्रीक बर्गर रूढ झाला तो परदेशांतल्या स्वयंपाकघरांत. पण ईस्टरला अख्खं कोकरू निखाऱ्यावर फिरवत भाजणाऱ्या, आणि त्याच्या आदल्या मध्यरात्री त्याच कोकराच्या आतड्या-काळजाचं शेपू घातलेलं सूप पिणाऱ्या देशाची चव त्यात पुरेपूर उतरली आहे. रक्ती-मुंडी आवडीनं खाणाऱ्या गावाला ती परकी वाटू नये.

बोकडाच्या खिम्याचा बर्गर वाईट लागत नाही, पण कोरडा होतो. शेळी-बोकडाची चरबी बरीचशी पोटात, गुर्द्याभोवती साठते. मेंढराची चरबी कातडीखाली जास्त धरते आणि मांसाबरोबर खिम्यात येते. तांबड्या-पांढऱ्याला बोकड शोभतो, कारण तिथे तेल, तीळ, खोबरं आपण वरून घालतो. तव्यावर आठ-दहा मिनिटांत भाजून निघणाऱ्या टिक्कीला वरून काही मिळत नाही. तिची ओल आतल्या चरबीतूनच यावी लागते.

मेंढराचं मटण उग्र लागतं, वास येतो, असं म्हणून अनेक घरांत नाक मुरडलं जातं. त्या वासामागे चरबीतली काही विशिष्ट मेदाम्लं असतात आणि जनावर वयात येतं तसा तो वाढतो. कोवळ्या कोकरात तो सौम्य असतो. लिंबू, लसूण, पुदिना, ऑरेगॅनो या साऱ्यांची ग्रीक जोडणी त्या वासाला झाकण्यासाठी नाही, त्याच्याशी जमवून घेण्यासाठी आहे. पुण्याकडे तर मेंढराच्या मटणाला मानाचं स्थान आहे. वाडेबोल्हाईच्या देवीचे भक्त शेळी-बोकड खात नाहीत. त्यांच्यासाठी दुकानावर ‘बोल्हाईचे मटण’ अशी सरळ पाटी असते. गिऱ्हाईक मेंढराचं मटण मागून, ओळखून घेतं. कोल्हापुरात अशा पाटीची मला फार उणीव वाटते.

कारण मेंढरं आपल्या दारातच आहेत. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर आणि खोबरं उधळलं जातं, ते उगीच नाही. दख्खनी मेंढीच्या काळ्या, जाड लोकरीवर घोंगडीचा सारा धंदा उभा होता. आता घोंगडीला गिऱ्हाईक उरलेलं नाही आणि लोकर कातरण्याचा खर्चही अनेकदा निघत नाही. धनगराचं घर चालतं ते कोकरं विकून आणि शेतात मेंढरं बसवून मिळणाऱ्या धान्यापैशावर. त्या कोकरांसाठी इथे मोठं कामही झालं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात घडवली. डॉ. चंदा निंबकर यांनी त्यावर अनेक वर्षं काम केलं. सांगली जिल्ह्यातल्या जत भागातली बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी झपाट्यानं वाढते म्हणून दूरदूरहून लोक न्यायला येतात. मेंढी आणि शेळी विकासासाठी सरकारचं स्वतंत्र महामंडळ आहे. जनावर आहे, जाण असलेली माणसं आहेत, फक्त खाणाऱ्याच्या लेखी त्याला नाव नाही.

ग्रीस, इटली आणि ऑस्ट्रिया या देशांतल्या मेंढपाळांच्या हंगामी भटकंतीला युनेस्कोनं २०१९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कळप घेऊन डोंगर आणि मैदान यांच्यात ये-जा करणं, तेच काम आपले धनगर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस मटणाचा दर वाढला म्हणून कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते. आंदोलन रास्त होतं आणि मटणावर इतकं प्रेम करणाऱ्या गावाचा मला अभिमान आहे. पण दराइतक्याच जोरानं आपण हेही विचारायला हवं, की हे जनावर कोणतं, केवढ्या वयाचं, कोणी वाढवलेलं. मेंढराचं मटण बोकडाच्या नावाखाली खपवलं गेलं तर गिऱ्हाईक फसतं आणि धनगराच्या जनावराचं नावही पुसलं जातं. ते आपल्या नावानं, आपल्या दरानं विकलं जावं.

आता कृती. चौघांसाठी अर्धा किलो मटण, मांडीचं आणि खांद्याचं मिळून, आणि त्याच जनावराची शंभर ग्रॅम चरबी. इथे एक सवय मोडावी लागते. आपण घरी आणलेला खिमा धुतो. धुतलेल्या खिम्यात पाणी राहतं, तव्यावर ते सुटतं, टिक्की भाजण्याऐवजी उकडते आणि फुटते. म्हणून मटण तुकड्यांत असतानाच धुवायचं, फडक्यानं कोरडं टिपायचं आणि मगच खिमा करायचा. खाटीकमामांना आधी सांगून ठेवलं आणि गर्दीची वेळ टाळून गेलं, तर ते सत्तूरनं हातखिमा करून देतील. मशिनचा घ्यायचा असेल तर एकदाच, जाड जाळीतून. दोनदा काढलेल्या खिम्याचं पीठ होतं.

एक मोठा कांदा किसून घट्ट पिळा. ते पाणी फेकू नका, आमटीत जाईल. ब्रेडची एक स्लाइस दुधात भिजवून पिळून घ्या. ती मटणातला रस धरून ठेवते. लसणाच्या चार पाकळ्या, मूठभर पुदिना, भरडलेले मिरे, अगदी चिमूटभर जिरेपूड, एका लिंबाची किसलेली साल. ऑरेगॅनोसाठी बाजारात धावू नका. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीत बऱ्याचदा इतर मसालेही मिसळलेले असतात. अंगणातल्या कुंडीत पानओवा असेलच, ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो. ऑरेगॅनोला त्याचा वास देणारी कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही द्रव्यं पानओव्यातही आहेत. तीन-चार पानं बारीक चिरून घाला. जास्त घातली तर कडवट लागतील.

कांदा-लसूण चटणी घालू नका. हे मी कळकळीनं सांगते. आपल्या चटणीवर माझं जितकं प्रेम आहे, तितकंच मला हेही ठाऊक आहे की ती आली की बाकी सगळे गप्प बसतात, आणि इथे कोकराला बोलू द्यायचं आहे. अंडं नको, डाळ्याचं पीठही नको. त्यानं टिक्की बांधली जाते खरी, पण तिचा वडा होतो. बांधायचं काम मिठावर सोडा. चमचाभर मीठ घालून दोन मिनिटं मळलं की मांसातली प्रथिनं सुटतात आणि खिमा बोटांना चिकटू लागतो. तिथेच थांबा. जास्त मळलं तर टिक्की रबरासारखी लागते. तासभर फ्रीजमध्ये ठेवून, मग बनपेक्षा थोडे मोठे असे चार गोळे थापा. मध्ये अंगठ्यानं खळगा करा, भाजताना टिक्की आक्रसून मधोमध फुगते म्हणून.

बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा. तेल नावापुरतं, चरबी आपली आपण सुटेल. एका बाजूनं चार मिनिटं हात लावू नका, मग उलथून तेवढाच वेळ. उलथन्यानं दाबू नका. दाबलेल्या टिक्कीतून जो रस तव्यावर सांडतो, त्याच्यासाठीच आपण चरबी मागून आणली होती. खिमा आतून कच्चा ठेवण्याची परदेशी हौस करू नका. खिम्यात बाहेरचा भाग आत मिसळलेला असतो, त्यामुळे तो मधोमध ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलेला हवा. थर्मामीटर नसेल तर टिक्की मोडून पाहा, आत गुलाबी राहता कामा नये.

सोबतच्या झाझिकीसाठी वारणा-गोकुळच्या जिल्ह्यात राहणाऱ्यानं महागडं ‘ग्रीक योगर्ट’ आणायची गरज नाही. श्रीखंडाला लागतो तो चक्का घ्या. काकडी किसून, मीठ लावून, पिळून त्यात घाला. वर ठेचलेला लसूण, चिरलेला शेपू आणि ऑलिव्ह तेलाची धार. ग्रीसमध्ये यात पुदिनाही घालतात, पण आपल्या मंडईतल्या शेपूची जुडी इथे फार खुलते. साखर, दाण्याचं कूट, फोडणी यांतलं काही नको, नाहीतर ती कोशिंबीर होते.

फेटाचं मात्र जपून. युरोपीय संघानं २००२ मध्ये ते नाव ग्रीसपुरतं राखून ठेवलं. त्यात किमान ७० टक्के दूध मेंढीचं लागतं, उरलेलं शेळीचं. आपण म्हशीचं घट्ट पनीर मोठ्या तुकड्यांत मोडून, लिटरभर पाण्यात पाऊण वाटी मीठ आणि थोडं लिंबू घालून त्यात रात्रभर बुडवून ठेवावं. ते फेटा होत नाही आणि त्याला फेटा म्हणूही नये, पण तिखट कांदा, टोमॅटो आणि गरम टिक्की यांच्यामध्ये ते खारट, आंबट आपलं काम चोख करतं. बनही नेहमीच्या बेकरीतला, गोडसर नसलेला घ्या. मिसळीबरोबर ब्रेड खाणाऱ्या गावाला बन निवडायला शिकवावं लागत नाही.

रविवारी रांगेत उभे राहाल तेव्हा खाटीकमामांना मेंढराचं, कोवळं मटण नाव घेऊन मागा, आणि त्यांच्याकडे असेल तर तसं पाटीवर लिहायला सांगा. दहा गिऱ्हाइकांनी मागितलं की अकराव्यासाठी ते दुकानात टांगलेलं असेल.