निरोप कोणाचा, वाहणारा कोण?



जुन्या गावगाड्यात निरोप कोण पोचवीत असे, हे आपल्या घरातील वृद्धांना एकदा विचारा. गावात कोणाचा मृत्यू झाला की परगावच्या सोयऱ्यांकडे सांगावा घेऊन उन्हातान्हात कोसच्या कोस चालत जाणारा महार होता. सरकारी कागद आणि वसुलाची रक्कम ठाण्यापर्यंत नेणारा तोच. चावडीवर कोणास बोलवावयाचे झाले तर धाव त्याचीच. साऱ्या गावाचा शब्द ज्याच्या पायांवर चालत होता, त्याच्या स्वतःच्या शब्दाला मात्र त्या गावात कोणाच्या उंबरठ्याच्या आत जागा नव्हती. दळणवळणाने समाजाची प्रगती कशी होते हे सांगताना विद्वान मंडळी तारायंत्र, आगगाडी, रेडिओ यांची नावे घेतात. आमच्या दृष्टीने प्रश्न केवळ यंत्राचा नाही. निरोप कोणाचा आहे आणि तो कोणाच्या हिताचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

यंत्राचे उपकार आम्ही नाकारीत नाही. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली, १८७९ साली पोस्टकार्ड आले आणि पुढच्याच वर्षी मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले. गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणाऱ्या आपल्या माणसांची कमाई गावच्या घरापर्यंत पोचू लागली. परंतु आलेले पत्र वाचून घेण्यासाठी माउलीला ज्याच्या दारात उभे राहावे लागे, त्याला तिच्या मुलाचा पगार, आजार, कर्ज हे सारे तिच्याआधी कळत असे. स्वतःस अक्षर येत नाही तोवर टपालसुद्धा परक्याच्याच हातात राहते.

आता महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी १९२७ च्या २० मार्चपर्यंत त्या तळ्याच्या पाण्याला आपल्या लोकांचा हात लागला नाही. ठराव दप्तरात होता. तो माणसाच्या मनात उतरविण्याचे साधन नव्हते. त्या दिवशी बाबासाहेबांनी पाणी ओंजळीत घेतले आणि काही वेळातच गावात आवई उठली की, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. या एका खोट्या बातमीवर लाठ्या निघाल्या आणि परतीच्या वाटेवर असलेल्या, जेवावयास बसलेल्या माणसांना मारहाण झाली. कागदावरचा हक्क तीन वर्षांत तळ्यापर्यंत पोचला नाही. अफवा मात्र एका दुपारीत साऱ्या गावभर पोचली. बाबासाहेबांनी यावर काय केले? अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारता’चा पहिला अंक काढला.

त्यापूर्वी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला होता. शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साह्य केले. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, ही गोष्ट नव्या पिढीने विसरता कामा नये. ज्यांच्या हाती छापखाने होते त्यांना आपली मते खोडून काढण्याची गरजच नव्हती, ती न छापणे पुरेसे होते. पुढे ‘समता’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. ही पत्रे पैशाच्या चणचणीत चालली, काही बंद पडली. ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने तर बाबासाहेब स्वतःच लिहून काढीत. जेथे वाचणारा एकच असे तेथे तो मोठ्याने वाची आणि वस्ती ऐके. जेथे तोही नसे तेथे जलसेवाले जात.

आता या प्रश्नाची आर्थिक बाजू पाहू; आम्ही वकिलीच्या पेशातले असल्याने ती आम्हास अधिक बोचते. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणले. वतने प्रत्यक्षात नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने. त्या कायद्यात अशी तरतूद होती की, साऱ्याच्या पटीत ठरलेली कब्जेहक्काची रक्कम वतनदाराने मुदतीत भरावी, म्हणजे जमीन त्याच्या नावे पुन्हा प्रदान होईल. न भरल्यास तो त्या जमिनीवर अनधिकृत ठरेल. रक्कम डोंगराएवढी नव्हती. अडचण एवढीच की, ती मुदत ज्याच्या कानी पडली नाही त्याची पिढ्यानपिढ्यांची जमीन एका तारखेने धोक्यात आली. शिवाय अशी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, हेही पुष्कळांस व्यवहार होऊन गेल्यावर कळते. आमच्याकडे असे कागद बहुधा उशिराच येतात. आपल्या सातबाऱ्यावर ‘नवीन शर्त’ असा शेरा आहे काय, हे आजच पाहून ठेवा.

नुकताच धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांसाठी याहूनही जवळचा प्रश्न दाखल्यांचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने बौद्धांना यादीबाहेर ठेवले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्र शासनाने आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, परंतु केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. या काळात मुलाची शिष्यवृत्ती जाऊ नये म्हणून किती आईबापांनी शाळेच्या नोंदवहीत ‘हिंदू’ लिहिले! त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हास नाही. परंतु १९९० साली आदेशात दुरुस्ती झाली आणि यादीतील जातीचा माणूस बौद्ध असला तरी तो अनुसूचित जातीचा मानला जाऊ लागला. या गोष्टीस तीन दशके उलटून गेली. तरीही ‘बौद्ध लिहिले तर सवलत जाईल’ ही भीती घराघरांत अजून जिवंत आहे. कायदा बदलला, पण त्याचा निरोप पोचला नाही, आणि जुन्या भीतीचा निरोप मात्र आजीकडून नातीकडे अचूक पोचतो आहे.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे. धम्म स्वीकारला म्हणून काही उत्साही तरुण आजोबांच्या दाखल्यावरील जातीची नोंद लाज वाटून दडवितात किंवा तो कागदच टाकून देतात. तसे मुळीच करू नका. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. तो जीर्ण कागद आपल्या मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा आधार आहे.

अत्याचाराच्या प्रकरणांत तर निरोप मिळणे हाच कायद्याने दिलेला हक्क झाला आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ अ आले. आरोपीच्या जामीन अर्जासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि त्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार त्याने पीडितास व त्याच्या आश्रितास दिला आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागितल्यावाचून ठाण्यातून परतू नका.

राहिला जनगणनेचा प्रश्न. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती, ती १९६१ साली सत्तावीस लाखांवर गेली. दाराशी आलेल्या कारकुनास आपल्या आजीआजोबांनी एक शब्द स्पष्ट सांगितला, म्हणून ती गेली. पुढील जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात यादीतील जात, या दोन नोंदी परस्परांना मारक नाहीत. कर्मचारी घरी येईल तेव्हा घरातील वाचता येणाऱ्या मुलाला वा मुलीला शेजारी बसवा, आणि त्याने जे लिहिले ते उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावयास सांगा.