सोन्याचा द्वारपाल

नरकचतुर्दशीच्या पहाटे थंडी असली की आमच्या घरी पहिले स्नान घडते ते खोबरेल तेलाच्या बाटलीला. ऊन पाण्याच्या तांब्यात ती उभी केली की गोठलेले तेल मुकाट्याने वितळून बाहेर येते. मराठीच्या मास्तराने औषधांवर लिहावे हे धार्ष्ट्यच; पण या बाटलीनेच मला एक अवघड गोष्ट समजावून दिली.

दोन वर्षांपूर्वी आईला कर्करोगाची औषधे सुरू झाली. गाठ लिंबाएवढी; औषध मात्र शिरेतून सर्वांगभर हिंडले. केस गेले, तोंड आले, अन्नावरची वासना उडाली. "अरे, चोर एका खोलीत आणि मार साऱ्या वाड्याला!" ती म्हणाली.

हा मार चुकावा म्हणून संशोधक औषध रोगाच्या जागीच, पण कुलपात ठेवू पाहत आहेत. पिचकारीतल्या बहुवारिकाच्या द्रावाला सुईच्या टोकाशी काही हजार व्होल्टचा विद्युत्‌दाब दिला की धार ओढली जाऊन केसाच्या शेकडो पट बारीक तंतू निघतात आणि त्यांचे तलम वस्त्र जमते. या वस्त्रात औषध, थोडा मेद आणि सोन्याचे कण घालायचे.

सोनेच का? १८५७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडेने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवले, तेव्हा पाणी माणकासारखे लाल दिसले! एवढ्याशा कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलू लागतात आणि त्यातला हिरवा भाग गिळतात. कणांना काडीचा आकार दिला, तर ते तांबड्यापलीकडचा अदृश्य प्रकाश गिळतात आणि तापतात. हा प्रकाश मांसातून थोडा आत शिरतो. लहानपणी विजेरीवर तळवा धरून आपण बोटे लाल केलेली आठवतात ना? प्रकार तोच.

आता तेलाची बाटली. खोबरेलात भरपूर असलेले लॉरिक आम्ल ४४ अंशांना वितळते, स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना. पण ठरावीक प्रमाणात मिसळलेली ही जोडी ३९ अंशांनाच पाघळते. शरीर ३७ अंशांचे, म्हणजे एरवी कुलूप बंद. बाहेरून प्रकाश टाकला की सोने तापते, मेद पाघळतो, औषध सुटते. प्रकाश विझवला की पुन्हा गोठण. अटलांटाचे यूनान शिया आणि त्यांचे सहकारी यांनी असेच मिश्रण औषधाच्या कुलपासाठी वापरून पाहिले आहे.

अर्थात हे सारे अजून प्रयोगशाळेतले. खोलवरच्या गाठीपर्यंत हा प्रकाश पुरत नाही, ही अडचण आहेच.

आईला हे सर्व मी मोठ्या उत्साहाने सांगितले. केस आता पुन्हा आले आहेत तिचे. शांतपणे ऐकून घेऊन तिने विचारले, "आणि काम झाल्यावर ते सोनं कुठं जातं रे?"

मी गप्प झालो. तंतू विरघळणारे करता येतात, सोने विरघळत नाही. रक्तात गेलेले कण यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ साठून राहतात. संशोधकांनाही तोच प्रश्न पडला आहे.