झेपत नाही म्हणता?



आमच्या खोलीत चारजण. मी गोदीतली रात्रपाळी करून येतो तेव्हा एम.ए.चा दोस्त डोक्याला मफलर करकचून बांधून पुस्तकापुढं बसलेला. म्हणतो, कपाळाभोवती दोरखंड आवळल्यागत होतंय. अक्षरं दिसतात, डोक्यात शिरत नाहीत. गोळी गिळतो, वर चहा ढोसतो, पुन्हा बसतो. सहामाहीत दोन पेपर गेले. सर म्हणाले, झेपत नाही तर येता कशाला?

झेपण्याचं आम्हाला विचारा. गोदीत ओझं झेपेना तर आणखी एक खांदा लावतात. विद्यापीठात उचलणाऱ्यालाच नालायक ठरवतात.

डॉक्टर सांगतात, ताणानं डोकं असंच आवळून दुखतं. उपाशी पोट, अपुरी झोप, चष्म्याचा वाढलेला नंबर, यानंही दुखतं. आणि महिन्यातले पंधरा दिवस, असे तीन महिने गोळी खात राहिलं तर गोळीच डोकेदुखी होऊन बसते. हे ध्यानात ठेवा.

पण ताण येतो कुठून? मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. आजही परीक्षा तारखेला होते, पैसे तारखेला येत नाहीत. खाणावळवाला थांबत नाही. वर आडनाव विचारून झालं की रँक विचारतात. दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या पोरांना हिणवून वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर ढकललं जातं, हे थोरात समितीनं २००७ सालीच लिहून दिलं. रोहित वेमुला हैदराबादला पीएच.डी. करत होता. विद्यावेतन थकलं, वसतिगृहातून काढलं. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्याचं डोकं कच्चं नव्हतं. एवढ्या ओझ्याला दुसरा खांदा लागला नाही.

खोट आपल्यातही आहे. मोर्चात गळा फाडणारे आपण, खोलीतल्या दोस्ताला झोप लागते का, हे विचारत नाही. मनाच्या डॉक्टरकडं जाणाऱ्याला येडा म्हणून हसतो. असली मर्दुमकी गेली खड्ड्यात! २०१७ च्या कायद्यानं मनावरचे सरकारी उपचार हा हक्क आहे. १४४१६ हा फुकटचा सरकारी फोन आहे. भीक नाही, हक्क आहे, वापरा.

आणि विद्यापीठाला ठणकावून सांगा : शिष्यवृत्ती वेळेवर द्या, आपली भाषा नि आपलं जगणं कळणारा समुपदेशक द्या, जातीवरून बोलणाऱ्याची चौकशी करा.

परवा दोस्ताला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत तीन तास उभे होतो. दोघं होतो, म्हणून उभे राहिलो.

जय भीम!