वकिलीची इंटर्नशिप कोर्टात का नाही?

सरकारी हॉस्पिटलात टाके घालायला बऱ्याचदा इंटर्नच असतो. मागे सिनियर डॉक्टर आहेत म्हटल्यावर आपण निमूट हात पुढे करतो. मग नवऱ्याची मारहाण सोसून कोर्टात आलेल्या बाईची बाजू लॉच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीने, सिनियर वकील शेजारी असताना, मांडली तर काय आभाळ कोसळणार आहे?

अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे चालतं. लॉ स्कूलच्या क्लिनिकमधले विद्यार्थी संरक्षण आदेश मागायला स्वतः जजसमोर उभे राहतात. आपल्याकडेही प्रत्येक लॉ कॉलेजात लीगल एड क्लिनिक हवंच, असं बार कौन्सिलचे २००८ चे नियम सांगतात. पण पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करायला बंदी! पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी पाण्यात उतरायचं नाही, अशातली गत. मग क्लिनिक म्हणजे काय, तर खेड्यात एक शिबिर, बॅनर, फोटो, चहा. असो.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा कागदावर चांगला आहे. अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न. बाईचं उत्पन्न कितीही असो, सरकारी मोफत वकील मिळतो. पण अर्ज नीट लिहायला वेळ लागतो हो! कधी काय झालं, दवाखान्याचा कागद कुठाय, घर कुणाच्या नावावर, नवऱ्याचा पगार किती. बाई हे क्रमाने सांगत नाही. रडते, मधेच दहा वर्षं मागे जाते. (आमच्याकडे रिक्वायरमेंट गोळा करायला महिनेच्या महिने देतात, आणि तिथे कुणी रडत नाही. सहसा.) दिवसभर या कोर्टातून त्या कोर्टात पळणाऱ्या वकिलाकडे हा वेळ नसतो. विद्यार्थ्याकडे असतो. पण तीन बैठका बसून ज्याने सगळं ऐकलं, त्यानेच सुनावणीला मागच्या बाकावर गप्प बसायचं!

खरं तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३२ प्रमाणे कोर्ट एखाद्या केसपुरती सनद नसलेल्या माणसालाही परवानगी देऊ शकतं. म्हणजे नवा कायदा नको, पण सगळं त्या कोर्टाच्या मर्जीवर. माझं म्हणणं, हायकोर्टाने त्याचे नियम करावेत आणि सुरुवात कलम २३ च्या अंतरिम आदेशांपासून करावी: राहायला घर, खर्चाला पैसे. उलटतपासणी नको, ती कच्च्या हातात देण्याची गोष्ट नाही. आणि फाईल क्लिनिकच्या पगारी वकिलाच्याच नावावर हवी. नाहीतर मे महिन्यात पोरं परीक्षा देऊन गावी जाणार आणि बाई तारखेला एकटीच उभी.