रद्दीत टाकण्याआधी

दिवाळीची आवराआवर निघाली, की माळ्यावरून सगळ्यांत आधी रद्दीत जातात ते मुलांचे जुने अंक. मैत्रिणींनो, जरा थांबा!

आपल्याकडे दिवाळी अंक, तसे इंग्लंडमध्ये नाताळला मुलांसाठी चित्रकथांचे जाडजूड वार्षिक अंक निघतात. १९८० च्या दशकात ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या लढणाऱ्या यंत्रमानवांचे असे अंक आले. खरं तर खेळणी खपावीत म्हणून रचलेल्या त्या गोष्टी! तरीही तेव्हाची पोरं आज पन्नाशीकडे झुकली, तरी ते अंक हौसेनं जपतात.

आपल्या पिढीला ‘चांदोबा’नं वाचनाची गोडी लावली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंक आता संगणकावरही वाचता येतात. पण लेकीनं पेन्सिलीनं सोडवलेलं कोडं, पहिल्या पानावर गिरवलेलं नाव तिथं कुठून मिळणार?

२०१९ च्या महापुरात सांगलीतल्या कितीतरी घरांतली पुस्तकं भिजून गेली. तिथं कुणाचाच इलाज नव्हता. रद्दीवाल्याला ‘नको’ म्हणणं मात्र आपल्या हातात आहे. दोन-चार अंक तरी कडुनिंबाचा पाला घालून उंचावर ठेवा. आणि विकायचेच झाले, तर आधी मुलांना विचारा. वस्तू त्यांची आहे ना?