घरी परतण्यापूर्वीची वाट

मुलगा परदेशी शिकावयास गेला, परीक्षा उतरला, पदवी पदरात पडली. आता तो सरळ घरी यावा, की ज्या देशाचे अन्न दोन वर्षे खाल्ले तो देश हिंडून पाहून मग यावा, हा प्रश्न हल्ली पुष्कळ कुटुंबांतून उपस्थित होतो. आमच्याही घरी तो गेल्या वर्षी उपस्थित झाला. त्या निमित्ताने जे घडले व जे आम्हांस उमगले, ते वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे. कारण त्यात आमच्या एका जुन्या चुकीचाही हिशेब आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकत होता. परीक्षा आटोपताच त्याने कळविले की, "महिनाभर बसने प्रवास करीत पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जावे आणि तेथून विमानाने घरी यावे, अशी इच्छा आहे. मोठ्यांची आज्ञा असावी." आमचा पुतण्या, म्हणजे मुलाचा पिता, संतापला. शिक्षणाकरिता काढलेल्या कर्जाचा पहिला हप्ता दाराशी उभा. आजीची प्रकृती तोळामासा. आणि चिरंजीवांस देशाटन सुचते! "काका, तो एकदा भटकू लागला की परत येणार नाही," हे त्याचे खरे भय होते. आम्हीही प्रथम पुतण्याच्याच बाजूचे होतो, हे कबूल केले पाहिजे.

त्या रात्री आम्हांस पंडिता रमाबाईंचे स्मरण झाले. त्यांच्या धर्मांतराविषयी आमच्या घरात पूर्वी कडू शब्द बोलले जात. परंतु संस्कृत शिकलेल्या मनुष्यास त्यांची विद्वत्ता नाकारता येत नाही. रमाबाई १८८३ साली शिक्षणार्थ इंग्लंडास गेल्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्या अमेरिकेस आल्या, त्या केवळ एका समारंभासाठी. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी यांस ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळावयाची होती. समारंभ झाला, पण रमाबाई लगोलग परतल्या नाहीत. बालशिक्षणाची नवी पद्धती त्यांनी अभ्यासिली, गावोगाव व्याख्याने दिली, आगगाडीने तो अफाट देश पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पालथा घातला. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून त्या निघाल्या आणि जपानमार्गे १८८९ च्या आरंभी मुंबईस पोहोचल्या. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे होताच, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परदेशात जे पाहिले ते त्यांनी घरी आणून कामास लाविले.

आनंदीबाईंची गोष्ट याहून निराळी. पदवी मिळाली तेव्हा क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. देश पाहणे दूरच. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रियांचा विभाग त्यांची वाट पाहत राहिला.

आणि पुतण्याच्या मनातील भयाचेही उदाहरण आमच्या वऱ्हाड-मध्यप्रांतातच आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे अमेरिकेत कृषिविद्या शिकले. गदर चळवळीत शिरले. मग मेक्सिकोत शेतीशास्त्राचे अध्यापक होऊन नावारूपास आले. परक्या सरकारने दार लावून घेतल्यामुळे मायदेशी स्थायिक होण्यास त्यांस स्वातंत्र्यापर्यंत थांबावे लागले. १९६७ साली नागपुरास त्यांचा अंत झाला. न परतण्याची कारणे भटकंतीपेक्षा फार खोल असतात, हे त्यावरून ध्यानात येते.

अशा प्रसंगी आमच्यासारखा पंतोजी ऐतरेय ब्राह्मणाकडे वळल्यावाचून राहत नाही. शुनःशेपाच्या आख्यानात हरिश्चंद्राचा पुत्र रोहित अरण्यात हिंडत असतो. पिता वरुणाच्या कोपाने जलोदराने पीडित झाल्याचे ऐकून तो घराकडे निघतो. आणि दरवेळी इंद्र ब्राह्मणवेषाने आडवा येऊन, चालत राहा, असा उपदेश करून त्यास माघारी धाडतो. हा उपदेश आम्ही वर्गात कित्येक वर्षे मोठ्या प्रेमाने शिकविला. परंतु कथेचा पुढचा भाग आम्ही भरभर उरकीत असू. सहाव्या वर्षी रोहितास अरण्यात अजीगर्त नावाचा भुकेने गांजलेला ऋषी भेटतो आणि रोहित शंभर गाईंच्या मोबदल्यात त्याचा मधला मुलगा आपल्या जागी बळी देण्याकरिता विकत घेतो. म्हणजे चालणाऱ्याच्या वाटेवर एक उपाशी घर होते आणि चालणाऱ्याच्या सुटकेची किंमत त्या घराने मोजावयाची होती. प्रवास चांगला, हे खरे. पण वाटेत भेटलेल्या अजीगर्ताशी आपण कसे वागलो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

सकाळी आम्ही वहिनींकडे गेलो. ज्यांच्या प्रकृतीच्या नावाने हा वाद चालला होता, त्यांस कोणी विचारलेच नव्हते. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, "भावोजी, मी नागपूरच्या पलीकडे गेले नाही. तो पाहून आला तर मला सांगेल तरी. महिना फार होतो. पंधरा दिवस म्हणा. तेवढी मी थांबते." निकाल लागला. महिन्याचे पंधरा दिवस झाले, हप्त्याचा भार पुतण्याने व आम्ही वाटून घेतला, आणि रोज संध्याकाळी आजीस दूरध्वनी करावयाचा, अशी अट पडली.

बसच का, हे आम्हांस प्रथम कळेना. तेथे विमाने आहेत, आणि बहुतेकांच्या दाराशी स्वतःची मोटार आहे. मुलगा म्हणाला, "आजोबा, म्हणूनच बस. ज्याच्याजवळ मोटार नाही तो बसमध्ये बसतो." तेथील प्रख्यात ग्रेहाउंड कंपनीचा आरंभ १९१४ साली मिनेसोटा राज्यातील हिबिंग गावी झाला, तो लोखंडाच्या खाणीतील मजुरांची ने-आण करण्यासाठी. साठ-सत्तरच्या दशकांत तिने परदेशी पाहुण्यांकरिता नव्व्याण्णव डॉलरांत नव्व्याण्णव दिवस वाटेल तेथे हिंडण्याचे तिकीट काढले होते. डॉलर मोजून खर्च करणाऱ्या विद्यार्थ्यांस त्याचा मोठा आधार असे. ते तिकीट आता राहिले नाही, आणि २०२१ साली ती कंपनीही एका जर्मन कंपनीने विकत घेतली. तथापि न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे सुमारे २,९०० मैल जमिनीवरून ओलांडावयाचे झाल्यास सामान्य मनुष्य आजही बसच गाठतो. तीन दिवस व तीन रात्री लागतात, आणि वाटेत घड्याळ तीन वेळा मागे करावे लागते.

त्या देशाच्या अंतःकरणातील झगडाही बसमध्येच लढला गेला आहे. १ डिसेंबर १८५५ नव्हे, अगदी अलीकडे, १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगमेरी शहरी रोझा पार्क्स या कृष्णवर्णी बाईंनी गोऱ्या उतारूसाठी आसन सोडण्याचे नाकारिले. त्यांस अटक झाली, आणि तेथील कृष्णवर्णी लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घालून पायी चालणे पत्करिले. पुढे १९६१ साली काळे व गोरे तरुण मुद्दाम शेजारी बसून दक्षिणेकडे निघाले, तेव्हा अॅलाबामात त्यांची एक बस जाळण्यात आली. कोणी कोणाशेजारी बसावे हा प्रश्न आम्हां पंक्तिप्रपंचात वाढलेल्या मंडळींस अनोळखी नाही.

मुलाचे दूरध्वनी येऊ लागले. आम्ही सर्व वहिनींच्या खाटेभोवती बसत असू. सेंट लुईस येथे मिसिसिपी ओलांडताना तो म्हणाला की, पाणी आपल्या वैनगंगेसारखेच गढूळ आहे. ओक्लाहोमात त्याच्या शेजारी त्याच दिवशी तुरुंगातून सुटलेला एक मनुष्य बसला होता. सर्व चीजवस्तू एका जाळीच्या पिशवीत. न्यू मेक्सिकोतील गॅलप गावी पहाटे एक वृद्ध बाई चढल्या. त्या नावाहो जमातीच्या, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. त्या दूरच्या शहरी रुग्णालयात निघाल्या होत्या. "आजी, दोन वर्षांत मी या लोकांपैकी एकालाही भेटलो नव्हतो. आमच्या विद्यापीठात ते दिसतच नाहीत," असे तो म्हणाला. वहिनींनी विचारले, "आणि आपल्याकडचे रे? त्यांना तू भेटला आहेस का?" पलीकडून उत्तर आले नाही. खाटेजवळ बसलेल्या आम्हांसही उत्तर नव्हते.

येथे आमची चूक सांगितली पाहिजे. १९८० साली, आम्ही नोकरीस नवे असता, आमची बदली भामरागडच्या बाजूस झाली होती. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता; तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तिकडची बदली म्हणजे शिक्षा, अशी समजूत सर्वत्र रूढ होती. आम्ही एका परिचिताकडून शब्द टाकून ती बदली रद्द करविली. नंतर उभी हयात चंद्रपुरात शाकुंतल शिकविले, वनवासाची वर्णने रसाळपणे समजावून दिली. पण आपल्या शेजारच्या वनात कोण राहते, हे पाहावयास एकदाही गेलो नाही.

मुलगा पंधराव्या दिवशी निघाला व सुखरूप घरी आला. आजीची भेट झाली. आठ दिवसांनी आम्ही दोघे राज्य परिवहनाच्या गाडीने भामरागडास निघालो. या गाड्यांतील पहिली १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास गेली होती. आष्टीस वैनगंगा ओलांडली, आलापल्लीस गाडी बदलली. तेथून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. दुतर्फा साग व बांबू. गाडीत बहुतेक माडिया मंडळी. आमच्या पुढच्या बाकावर एक तरुण बाई तापाने फणफणलेले मूल घेऊन बसली होती. तिची भाषा आम्हांस येत नव्हती. सहा भाषांतील व्याकरणाच्या गोष्टी सांगणारे आम्ही मुके झालो. वाहकाने दोन्हीकडचे बोलणे समजाविले. ती हेमलकसा येथे उतरली. १९७३ साली बाबा आमट्यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अरण्यात दवाखाना उभा केला. आम्ही बदली चुकविली, तेव्हा तो दवाखाना चालू होऊन वर्षे लोटली होती. मुलगा हळूच म्हणाला, "आजोबा, गॅलपच्या त्या बाईंचीच ही गाडी."

भामरागडास इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. पलीकडचा तीर छत्तीसगडचा. अनेक वर्षे पावसाळ्यात पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की हे गाव जगापासून तुटत असे. संगमावर बसलो असता शाळेची घंटा ऐकू आली. त्या शाळेत आम्ही गेलो नाही. धीर झाला नाही.

घरी येऊन वहिनींस सर्व सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भावोजी, तुमची बदली रद्द व्हावी म्हणून तेव्हा मी देवीला नवस बोलले होते. फेडलाही. आता वाटते, तो बोलायला नको होता."

वाचकांस आमचे सांगणे इतकेच. मुले पदवी घेऊन परतताना तो देश पाहू इच्छितील, तर घरातील सर्वांस, विशेषतः ज्यांच्या नावाने नकार दिला जातो त्या वृद्धांस विचारून, खर्चाची व दिवसांची मर्यादा घालून अवश्य जाऊ द्यावे. आणि शक्य तर ज्या वाहनात तेथील गरीब बसतो त्याच वाहनाने जाण्यास सांगावे. मात्र घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत आपल्याच जिल्ह्याच्या शेवटच्या थांब्याचे तिकीट काढून द्यावे, आणि सोबत घरातील एका वडील मनुष्याने जावे. मुलाने आता माडिया भाषेचे शब्द वहीत उतरवून घेण्यास आरंभ केला आहे. पावसाळा संपल्यावर पुन्हा जावयाचे ठरले आहे; या खेपेस शाळेत जाण्याचा आमचा विचार आहे.