मोडतं तेच दोषी असतं असं नाही

मंडळी, माझं एक ठाम मत आहे, ते आज जरा सविस्तर मांडते. एखादी वस्तू एकदा मोडली तर बदलावी. पण तीच वस्तू तीनदा मोडली, तर ती चौथ्यांदा बदलण्याआधी तिच्या शेजाऱ्यांची चौकशी करावी!

जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईंना हे शहाणपण कुठून सुचलं, असं विचाराल. (भाचरं तर आत्ताच हसत असतील.) निमित्त आहे बहिणीच्या मुलाच्या जीपचं.

जीप जुनी, उंच बॉनेटची, सीजे-३बी. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ पर्यंत निघत होतं आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं. मूळ इंजिन २.२ लिटरचं पेट्रोल, साधारण ७५ अश्वशक्तीचं. ते थकलं म्हणून भाच्याने आरटीओची रीतसर परवानगी काढून दुसऱ्या एका गाडीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. ओढ जवळजवळ दीडपट. वर टायरही मोठे घातले. आणि मग दीड वर्षात मागचा ॲक्सल तीनदा तुटला.

पहिला मिस्त्री म्हणाला, "माल डुप्लिकेट होता." दुसरा म्हणाला, "तुम्ही क्लच धसकन सोडता." तिसरा म्हणाला, "स्पेशल जाड ॲक्सल करून घेऊ." तिघांचंही लक्ष मोडलेल्या तुकड्यावर!

आता यात नुसता पैशाचा प्रश्न असता तर मी लिहायला बसले नसते. पहिल्या महायुद्धाच्या नव्हे, दुसऱ्या महायुद्धाच्या जीपचा मागचा ॲक्सल 'फुल फ्लोटिंग' असे. म्हणजे वजन पेलायचं बाहेरच्या नळीने, ॲक्सलने फक्त चाक फिरवायचं. ॲक्सल तुटला तरी चाक जागेवर राहायचं. सीजे-३बीमध्ये तसं नाही. तिथे ॲक्सलचं टोक निमुळतं असतं आणि त्यावरच हब, म्हणजे पर्यायाने चाक, बसवलेलं असतं. टोक तुटलं की चाकच निखळतं. शिवाय या जीपचा हँडब्रेक चाकांना नसून मागे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. एक ॲक्सल तुटला आणि पुढची चाकं जोडलेली नसली, की हँडब्रेक ओढून काही उपयोग नाही. शाफ्ट थांबतो, गाडी मात्र मागे घरंगळते. हे पसरणी घाटात, गाडीत पोरंबाळं असताना घडलं तर? मला तर रात्री झोप लागेना.

भाच्याने एक गोष्ट चांगली केली होती. तुटलेले तिन्ही तुकडे भंगारात न देता ठेवले होते. ओळीने मांडल्यावर दिसलं की तिन्ही उजव्या बाजूचे, आणि तिन्ही एकाच जागी तुटलेले, निमुळत्या भागावर, चावीच्या खाचेपाशी. तुटलेल्या तोंडावर एका बाजूने गुळगुळीत, काळपट भाग. त्यावर भरती ओसरल्यावर ओल्या वाळूवर राहतात तशा वळणदार रेषा. उरलेला भाग खरबरीत, चमकणारा. याचा अर्थ चीर आधी पडली होती, रोज थोडी थोडी वाढत गेली आणि शेवटी उरलेलं लोखंड एकदम गेलं. नुसत्या एका जबर हिसक्याने तुटलं असतं तर ॲक्सल पिळवटलेला दिसला असता. दुसऱ्या टोकाचे दाते तर सरळ होते.

लोखंड असं 'थकतं', हे माणसाला फार महागात पडून कळलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे जर्मनीत व्होलर नावाच्या अभियंत्याने रेल्वेच्या ॲक्सलांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका वेळी सहज सोसेल असा भारही पुन्हा पुन्हा पडला तर लोखंड मोडतं.

शेवटी एका म्हाताऱ्या लेथवाल्याने ॲक्सलच्या टोकाला निळा रंग लावला, त्यावर जुना हब दाबून बसवला आणि काढला. रंग फक्त हबच्या तोंडाशी उमटला. आतून हब झिजलेला! ॲक्सल तीनदा नवा आला, हब मात्र तोच. "हब तर चांगलाय" म्हणून कुणी हात लावला नव्हता. खरं तर ओढ पेलायची ती निमुळत्या भागाच्या घट्ट पकडीने. चावी फक्त सोबतीला. पकडच नाही म्हटल्यावर सगळा भार चावीवर आणि खाचेच्या कोपऱ्यावर.

मग जुन्या इंजिनावर का नाही तुटला? कारण तेव्हा भार कमी होता, झीज खपून जात होती. पहिला गिअर २.८ पट, लो गिअर २.४६ पट, मागचा डिफरन्शियल ५.३८ पट, गुणाकार करा, सुमारे ३७ येतो. इंजिनाची वाढलेली ओढ इतक्या पटीने मागे पोचते. त्यात मोठा टायर, म्हणजे चाक घसरून सुटण्याआधी ॲक्सलला जास्त पीळ. इंजिन निर्दोष नाहीच, पण त्याने जुना आजार फक्त उघडा केला.

आता हब आणि ॲक्सल दोन्ही नवे, एकमेकांवर नीट बसवलेले, नट मापाच्या पान्याने आवळून थोडं चालवल्यावर पुन्हा तपासलेला, टायर मूळ मापाचे. दहा महिने झाले, ठीक आहे.

मला राहून राहून शाळा आठवते. २००० साली आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं. हेतू उत्तम, इंजिन दमदार. पण एका वर्गात साठ मुलं, स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले शिक्षक, घरी विचारायला कुणी नाही, हे सगळे हब जुनेच. मग मूल मागे पडलं की आम्ही काय म्हणायचो? "मूल कच्चं आहे." मूल बदलता येत नाही म्हणून शिकवणी लावायची. तुकड्यावर तुकडा!

म्हणून सांगते, मोडलेला तुकडा फेकू नका. तो काय सांगतो ते वाचा. आणि जो भाग कधीच मोडत नाही, त्याच्याकडे जरा संशयाने बघा. तुमच्याकडेही असे 'चांगले हब' असतील, तर जरूर लिहा.